चोचीची उतरंड

मागच्या चैत्रात आम्ही आठवडे बाजारातून एक तलंग आणली. तांबूस अंग, पिवळेधमक पाय, तुरा अजून नखाएवढाच. घरी आठ कोंबड्या आणि दोन कोंबडे होते. नववी सहज सामावेल असं वाटलं. भरदुपारी पिशवीतून काढली आणि सरळ अंगणात सोडली. पाच मिनिटांत म्हातारी काळी कोंबडी तिच्यावर धावून गेली. मग दुसरी, मग तिसरी. आई म्हणाली, ‘‘नवी हाय, दोन दिसांत रुळंल.’’ दिवेलागणीला तलंग सरपणाच्या ढिगात डोकं खुपसून बसलेली सापडली. तुरा फाटला होता आणि मानेवर रक्त वाळलं होतं.

तिला हळद लावून महिनाभर वेगळी ठेवली, ती वाचली. पण त्या दिवशी चूक काळीची नव्हती, आमची होती. ती नेमकी कोणती, हे शोधता शोधता रोज डोळ्यांसमोर असलेल्या या पक्ष्याबद्दल आपल्याला किती कमी माहीत आहे, ते कळत गेलं.

आमचं घर हिंजवडीत. हिंजवडी म्हटलं की लोकांना काचेच्या इमारती, माहिती तंत्रज्ञान उद्यानाचे तीन टप्पे आणि वाकडपासून लागणारी वाहनांची रांग आठवते. पण हे मुळशी तालुक्यातलं गाव आहे. गावठाणात आणि माण-मारुंजीच्या वस्त्यांवर अजून गोठे आहेत, उकिरडे आहेत, भिंतीला टेकलेली खुराडी आहेत. सरकारी कागदांत याला ‘परसातील कुक्कुटपालन’ म्हणतात. पुणे हे देशातल्या आधुनिक कुक्कुट व्यवसायाचं मोठं केंद्र. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभा केलेला वेंकटेश्वरा हॅचरीजचा उद्योग इथूनच देशभर पसरला. सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकीला आहे. मात्र अंड्यांच्या कारखान्यातली कोंबडी पिंजऱ्यात जगते. तिला पळायला जागा नसते, लपायला आडोसा नसतो. कोंबडी स्वतःच्या स्वभावाने कशी वागते, हे बघायला परसच लागतं.

सकाळी ज्वारी टाकली की नीट बघा. वरवर सगळा गोंधळ दिसतो, पण चार दिवस त्याच वेळी त्याच जागी बसलात तर गोंधळातला क्रम दिसायला लागतो. आमची काळी मधोमध उभी राहून खाते. तिच्या हातभर अंतरात लाल पाठीची येऊ शकते, बाकीच्या नाहीत. एखादी चुकून पुढे आलीच, तर काळी टोचत नाही. फक्त मान ताठ करून तिच्याकडे बघते. पुढची मान खाली घालून बाजूला होते. रक्त निघेल अशी टोचाटोची जुन्या, जुळलेल्या कळपात क्वचितच दिसते.

हा क्रम पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मांडला तो नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डरुप-एब्बे याने. त्याचा जन्म १८९४ चा. लहानपणी घरच्या कोंबड्यांशी त्याची इतकी गट्टी जमली की वयाच्या दहाव्या वर्षापासून तो वहीत नोंदी ठेवायला लागला. कोणी कोणाला टोचलं, कोण मागे सरली, पहिली कोण खाते. पुढे याच नोंदींवर त्याने प्रबंध लिहिला आणि १९२२ मध्ये तो जर्मन भाषेत छापून आला. त्याने वापरलेल्या शब्दाचा अर्थ ‘टोचण्याचा क्रम’. आज जगभर कचेऱ्यांपासून राजकारणापर्यंत तो शब्द वापरला जातो. त्याचं मूळ एका मुलाच्या वहीत आणि घरच्या कोंबड्यांत आहे. वेगळी प्रयोगशाळा त्याला लागली नाही. रोज त्याच जागी बसून बघायची चिकाटी लागली, आणि ती कोणत्याही अंगणात चालते.

त्याच्या नोंदींतून निघालेली मुख्य गोष्ट अशी, की कळपातल्या प्रत्येक दोघींमधला निकाल एकदा लागतो आणि मग तो दोघी लक्षात ठेवतात. आठ कोंबड्यांमध्ये अठ्ठावीस जोड्या होतात. प्रत्येक कोंबडी बाकीच्या सातजणींना चेहऱ्याने ओळखते आणि ‘ही माझ्या वर, ती माझ्या खाली’ हा हिशेब डोक्यात बाळगते. म्हणून दाण्याच्या प्रत्येक घासासाठी नव्याने भांडावं लागत नाही. क्रम ठरतो मारामारीतून, पण टिकतो आठवणीवर. ही आठवण हीच कळपाची शांतता. टोचण्याच्या क्रमाबद्दल मला जे सांगायचं आहे, ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

ओळख पटते ती मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून. तुऱ्याचा आकार किंवा रंग बदलून पाहिलेल्या प्रयोगांत जुन्या मैत्रिणीही त्या कोंबडीला परकी समजून टोचायला लागल्या. आजारपणात किंवा खुडूक बसल्यावर जी दोन-तीन आठवडे कळपाबाहेर राहते, तिला परतल्यावर पुष्कळदा आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. आणि शेकड्यांनी कोंबड्या एका शेडमध्ये असतील, तर इतके चेहरे लक्षात राहणं शक्यच नसतं. तिथे असा पक्का क्रम बसत नाही. मोठा तुरा, मोठं अंग अशा वरवरच्या खुणांवर भागवलं जातं.

आमची तलंग अशी आठ जणींसमोर एकटी उभी राहिली होती. तिला कोणी ओळखत नव्हतं आणि ती कोणाला ओळखत नव्हती. आठ निकाल एकाच दुपारी लागायचे होते. शिवाय ती परक्या जागेत होती आणि बाकीच्या आपल्या अंगणात होत्या. कोंबड्यांच्या झटापटीत घरच्या जागेचा फायदा फार मोठा असतो.

आपल्याकडे या क्रमाला ‘उतरंड’ म्हणायचा मोह होतो, आणि शब्द चांगला आहे म्हणून मीही तो मथळ्यात घेतला. पण उतरंडीत प्रत्येक मडकं खालच्यावर बसतं. कोंबड्यांत नेहमी तसं नसतं. श्येल्डरुप-एब्बेला त्रिकोण सापडले होते: पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी फिरून पहिलीला. पहिल्या भेटीच्या दिवशी पहिली दमलेली असेल, पिसं झडत असतील, म्हणून ती हरली. तो निकाल मग तसाच राहिला.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. माणसांतल्या उतरंडीचं समर्थन करताना ‘निसर्गातच असं असतं’ म्हणून कोंबड्यांचा दाखला देणारे लोक मी ऐकले आहेत. तो दाखला साफ चुकीचा आहे. मानाच्या कोंबडीच्या पिलांना मान वारशाने मिळत नाही. पिलं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत खेळातल्या लुटुपुटुच्या लढायांमधून आपापली जागा स्वतः ठरवतात. आई कितव्या क्रमांकावर होती याला तिथे अर्थ नसतो. डॉ. आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती जन्माने चिकटते आणि मेल्यावरही सुटत नाही. कोंबड्यांचा क्रम एका अंगणापुरता आणि एका आयुष्यापुरता असतो. दोन्ही एका पारड्यात घालू नयेत.

आता कोंबड्याकडे वळू. तो या क्रमात सगळ्यांच्या वर आहे असं वाटतं, पण खरं तर नरांचा क्रम वेगळा आणि माद्यांचा वेगळा चालतो. कोंबडा कोंबड्यांच्या भांडणात सहसा पडत नाही. मात्र कळपात कोंबडा असला की माद्यांमधली टोचाटोची कमी होते, असं अभ्यासात दिसलं आहे. दाणा सापडला की तो स्वतः लगेच गिळत नाही. चोचीत धरतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, मान वरखाली करतो आणि घशातून भराभर ‘कुक्-कुक्-कुक्’ करतो. कोंबड्या धावत येतात. आई याला ‘पाहुणचार’ म्हणते. त्यात त्याचाही फायदा आहे, कारण जो चारा दाखवतो त्याच्याजवळ कोंबड्या जास्त वेळ राहतात. एक पंख जमिनीला घासत कोंबडीभोवती अर्धा फेरा घेणं ही त्यापुढची पायरी.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठात ख्रिस इव्हान्स आणि के-लिन स्मिथ यांनी कळपावर कॅमेरे आणि ध्वनिग्राहक लावून हे वागणं बारकाईने टिपलं. त्यात दुय्यम कोंबड्यांची एक युक्ती उघडी पडली. मुख्य कोंबडा जवळपास असेल, तर दुय्यम कोंबडा तीच मान हलवतो, तोच दाणा उचलतो-टाकतो, पण आवाज काढत नाही. आवाज केला तर मार बसतो. नुसती हालचाल समोरच्या कोंबडीला दिसते आणि पाठ फिरवून उभ्या असलेल्या मुख्य कोंबड्याला कळत नाही. आमचा धाकटा, ठिपक्यांचा कोंबडा गोठ्याच्या कोपऱ्यात हे करताना मी नंतर अनेकदा पाहिलं. आधीही तो करत असणार. मला दिसत नव्हतं.

कोंबड्याचं दुसरं काम पहाऱ्याचं. त्याच्याकडे धोक्याच्या दोन वेगवेगळ्या हाका आहेत. जमिनीवरून मांजर, मुंगूस किंवा कुत्रं आलं की तो मोठ्याने तुटक कलकलाट करतो, आणि सगळा कळप माना उंचावून उभा राहतो. आकाशात शिक्रा किंवा घार दिसली की मात्र बारीक, लांबट, शिट्टीसारखा सूर निघतो. कुठून येतो ते पटकन कळू नये असाच तो असतो. तो ऐकताच कोंबड्या झुडपाखाली पळतात, दबून बसतात आणि डोळा वर लावतात. पीटर मार्लर आणि इव्हान्स यांनी नुसता ध्वनिमुद्रित सूर ऐकवला, तेव्हा आकाश रिकामं असूनही कोंबड्या तशाच वागल्या. म्हणजे ही नुसती घाबरल्याची किंकाळी नाही, हाकेत निरोप आहे. आजूबाजूला कोंबड्या असल्या तर कोंबडा ही हाक जास्त देतो. अगदी एकटा असेल तर बहुधा गप्प राहतो. आमच्या अंगणावर घार घिरट्या घालते तेव्हा आई भांडी टाकून बाहेर येते ती पिलांच्या काळजीने, पण तिला घार दिसलेली नसते. तिला कोंबड्याचा सूर कळलेला असतो. मार्लर यांच्या प्रयोगांच्या कितीतरी आधीपासून गावातल्या बायकांना हे दोन सूर वेगळे ओळखता येतात.

कोंबड्याचा तुरा, आरवणं आणि भांडखोरपणा हे सगळं एकाच ठिकाणाहून येतं, हे १८४९ मध्येच कळलं होतं. जर्मनीत ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्टोल्ड याने सहा तरण्या कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांचे अंडकोश काढून टाकले, त्यांचे तुरे सुकले, ते आरवेनात आणि लढेनात. ज्यांच्या पोटात अंडकोश दुसरीकडे पुन्हा बसवले, ते मात्र पुरते कोंबडे राहिले. नसांचा जुना जोड तुटलेला होता, तरी परिणाम कायम होता. म्हणजे काहीतरी रक्तातून पसरत होतं. पुढे संप्रेरकांचं जे सगळं शास्त्र उभं राहिलं, त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे. म्हणून भरदार लाल तुरा हा त्या नराच्या तब्येतीचा उघड दाखला ठरतो आणि कोंबड्या तो वाचतात. कोंबडीला या सगळ्यात काही म्हणणं नसतं, असंही समजू नका. खालच्या क्रमांकाच्या नराने जबरदस्ती केली तर ती त्याचं बीज शरीराबाहेर टाकून देते, हे टोमासो पित्सारी आणि टिम बर्कहेड यांनी २००० साली दाखवलं.

आणि आरवणं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. जपानमध्ये नागोया विद्यापीठात त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी २०१३ मध्ये जणू कोंबडं झाकूनच पाहिलं. सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही ठरल्या वेळी आरवत राहिले. त्यांच्या शरीरातलं घड्याळ सुमारे २३.७ तासांचा दिवस मोजत होतं. नेहमीच्या दिवसरात्रीत हे कोंबडे दिवा लागायच्या सुमारे दोन तास आधी आरवायला लागत. म्हणजे कोंबडा उजेड बघून आरवत नाही, उजेड येणार हे त्याला आतून माहीत असतं. बाहेरचा प्रकाश किंवा दुसऱ्याचं आरवणं ऐकूनही तो आरवतो, पण हा प्रतिसाद पहाटेच्या सुमाराला सर्वांत जोरकस असतो. रात्रपाळीच्या गाड्यांचे दिवे आमच्या भिंतीवरून रात्रभर फिरतात, त्याला आमचा कोंबडा अकरा-बारा वाजता फारशी दाद देत नाही आणि चार वाजता लगेच देतो, याचं उत्तर मला इथे मिळालं.

त्याच गटाने २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहाटे पहिली बांग मुख्य कोंबड्याची असते. मग दुसरा, मग तिसरा, क्रमाने. खालच्याच्या शरीरातलं घड्याळ जरा पुढे असलं तरी तो थांबतो. मुख्य कोंबडा काढून घेतला, की दुसऱ्या दिवशी पहिली बांग दुसऱ्या क्रमांकाचा देतो. आखाडात घरचा मोठा कोंबडा कापला जातो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाट कोणाच्या आवाजाने होते, ते लक्ष देऊन ऐका. कालपर्यंत वाट बघणारा आज पहिला असतो.

हा आवाज शहराला सोसत नाही, हेही खरं आहे. २०१९ मध्ये पुण्यात सोमवार पेठेतून समर्थ पोलिस ठाण्यात कोंबड्याच्या आरवण्याने झोपमोड होते अशी तक्रार गेली होती आणि तिची बातमी देशभर झाली. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ओलेराँ बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्धचा दावा न्यायालयात चालला आणि निकाल कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने लागला. २०२१ मध्ये तिथे गावाकडचे आवाज आणि वास यांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदाही झाला. आवाज लहान नसतो. कोंबड्याच्या स्वतःच्या कानाशी तो १४० डेसिबलच्या घरात जातो, आणि चोच पूर्ण उघडताच त्याच्या कानाची नळी बऱ्याच अंशी आपोआप मिटते, म्हणून तो बहिरा होत नाही. शेजाऱ्याच्या कानाला ही सोय नाही. हिंजवडीत गावठाणाला लागूनच बारा-पंधरा मजली सोसायट्या आहेत. खुराडं शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब, भिंतीच्या आडोशाला ठेवणं आणि दोनाऐवजी एकच कोंबडा ठेवणं एवढं आपल्याला करता येतं, आणि ते करावं.

त्या तलंगीच्या पिवळ्या पायांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, आग्नेय आशियातला. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे सापडलेली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडं पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना पुरावा मानली जातात. भाताच्या, धान्याच्या मागे हा पक्षी माणसाच्या दारात आला. पण तांबड्या रानकोंबड्याचे पाय पिवळे नसतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं, की पिवळ्या कातडीचा गुण आला तो करड्या रानकोंबड्याकडून. हा रानकोंबडा भारतीय द्वीपकल्प सोडून जगात कुठेच सापडत नाही. आमच्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणीच्या जंगलात, पहाटे त्याचा कर्कश तुटक आवाज ऐकू येतो. जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत या पक्ष्याचा अंश आहे. ताम्हिणीला गेलात तर गाडीतली गाणी बंद करून काच खाली करा.

आता पाळताना घ्यायची काळजी. पहिलं, कोंबडे मोजकेच ठेवा. राज्य सरकारच्या योजनेत आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट दिला जातो. साधारण आठ माद्यांमागे एक नर, हे प्रमाण विचाराने ठरवलेलं आहे. यापेक्षा जास्त कोंबडे ठेवले तर नर एकमेकांशी झगडत राहतात आणि माद्यांच्या पाठीची पिसं उपटली जातात. दुसरं, दाणा-पाणी एका जागी ठेवू नका. तीन-चार ठिकाणी, एकमेकांच्या नजरेआड ठेवलं तर खालच्या क्रमांकाची कोंबडीही पोटभर खाते. तिसरं, जखमी कोंबडीला लगेच वेगळी करा. लाल रंगावर बाकीच्यांची चोच जातेच, त्यात द्वेष नसतो.

आणि नवी कोंबडी आणायची असेल, तर एकटी आणू नका. दोघी-तिघी आणा, म्हणजे मार वाटला जातो. आधी महिनाभर वेगळ्या ठेवून त्यांना रोग नाही याची खात्री करा. मग आठवडाभर त्याच अंगणात जाळीपलीकडे ठेवा, म्हणजे दिसतील पण टोचता येणार नाहीत. चेहरे ओळखीचे होऊ द्या. मग एका संध्याकाळी, बाकीच्या खुराड्यात बसल्यावर, अंधारात त्यांच्याशेजारी ठेवा आणि सकाळी अंगण मोकळं ठेवून स्वतः तासभर तिथे बसा.